सहा घरं

१

दुपारचं जेवण झालं की टर्नर दोनदा साबणाने हात धुवायचा. कारखान्यातलं लेथवरचं काम सुटून नऊ वर्षं झाली होती, हाताला तेलाचा टिपूस लागत नव्हता, तरी दोनदाच. मग लेकीच्या खोलीत जायचं, कॉम्प्युटरवरचं फडकं काढून त्याची घडी घालायची आणि तिच्या खुर्चीत बसायचं. खुर्ची फुस्स करून दोन बोटं खाली दबायची. चार वाजता बायको चहाचे दोन कप घेऊन यायची, तोवर त्याने राक्षस मारायचे.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही असं ज्याला वाटत असेल त्याने आपल्या घरी वाटून घ्यावं. आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत त्याची एकुलती एक लेक गेली होती. चौतीस वर्षांची. रक्ताचा आजार, चार महिन्यांत सगळं आटोपलं. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. घरीदारी ती ठिणगी. लहानपणी बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायची आणि ग्राइंडरवरून उडणाऱ्या ठिणग्या पकडायला धावायची, त्यावरून.

आजारपणात ती खुर्चीत बसून खेळायची आणि हा तिच्या उजव्या हाताला स्टुलावर, की-बोर्डाच्या आपल्या बाजूने स्वतःचा गडी चालवत. स्टूल त्यानेच भंगारातल्या लोखंडाचं केलेलं. बायको त्याला मढं म्हणायची, कारण झाडताना ते तिला एकटीला उचलायचं नाही आणि नवऱ्याला बोलवावं लागायचं. खुर्चीचा दट्ट्या गळतोय, दुरुस्त करून देतो, असं तो लेकीला दहादा म्हणाला असेल. तिने हात लावू दिला नाही. म्हणे, राहू द्या, कोणी बसलं की कळतं.

खेळात शिरायचं तर आधी धंदा निवडायचा. खेळणारे त्याला क्लास म्हणतात. म्हातारा धंदाच म्हणायचा. लढवय्या झालात तर ढाल-तलवार, वैद्य झालात तर जखमा भरायच्या, शिकारी झालात तर बाण मारायचे, चोर झालात तर पाय न वाजवता जायचं, मांत्रिक झालात तर अंधारात दिवा लावायचा. एकाचं कसब दुसऱ्याला शिकता येत नाही, असा मूळ खेळाचा कायदा. ठिणगी दिवसभर ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची आणि उरलेल्या वेळात हा कायदा मोडायची. तिने एक मॉड लिहिलं होतं. मॉड म्हणजे कंपनीच्या यंत्रात बाहेरच्या माणसाने बसवलेलं आपलं चाक. बापाच्या हत्यारांच्या पेटीवरून तिने त्याचं नाव ठेवलं पेटी. पेटी उघडली की दोन माणसं शेजारी शेजारी दिसायची. प्रत्येकाला सहा घरं, घरात एकेक कसब. ह्याच्या घरातलं उचलून त्याच्या घरात टाका, झालं. ठिणगीचं खेळातलं माणूस वैद्य होतं, पण त्याला चोराचे पाय होते, शिकाऱ्याची शीळ होती आणि मांत्रिकाचा दिवा होता.

म्हाताऱ्याला हे मुळात पसंत नव्हतं. टर्नरने टर्निंग करावं, वेल्डरने वेल्डिंग. सगळ्यांना सगळं यायला लागलं तर माणूस ओळखायचा कशावरून, असं तो एकदा फणकाऱ्याने म्हणाला.

"मी घरी आले की तुम्ही मला कशावरून ओळखता?" तिने विचारलं होतं.

"जिन्यात शीळ घालतेस की."

"मग तेवढं पुरे झालं, बाबा."

२

पहिल्यांदा काय खटकलं म्हणाल तर माउस.

ठिणगी डावरी. माउस की-बोर्डाच्या डाव्या अंगाला असायचा. ती गेल्यावर म्हाताऱ्याने तो उजवीकडे घेतला. एका सोमवारी त्याने फडकं काढलं तर माउस डावीकडे. बायकोने पुसताना सरकवला असेल. विचारलं, तर ती म्हणाली, लेक गेल्यापासून त्या टेबलाला आपण हात लावलेला नाही. आणि ते खरं होतं, धूळ साक्षीला होती. मंगळवारी पुन्हा डावीकडे. त्याने पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग वायरीला पीळ असेल, वायर ओढत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो, ऐकणाराही तोच असतो.

त्याला जास्त टोचत होतं ते वेगळंच. खेळातल्या गावाच्या वेशीपाशी ठिणगीचं माणूस उभं होतं. शेवटच्या दिवशी तिने जिथे सोडलं तिथेच, पाठमोरं, वेशीबाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून. श्वासागणिक खांदे हलायचे. त्या खेळातल्या सगळ्यांचेच हलतात. म्हाताऱ्याचा लढवय्या रोज तिच्या शेजारून जायचा. तिच्या माणसाला घेऊन खेळायचा विचार त्याने एकदाही केला नाही. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी उस्तादाने कानाखाली वाजवून शिकवलं होतं.

पण कारखान्याचा आणखी एक रिवाज होता. टर्नर मेला की आठवड्याच्या आत त्याची पेटी उघडायची आणि जोडीदारांनी एकेक हत्यार उचलायचं. कुलूप घालून ठेवलं तर हत्यारं गंजतात, आणि गंजलेलं हत्यार म्हणजे मेलेल्याचा अपमान. म्हाताऱ्याच्या पेटीत अशी तिघांची हत्यारं होती. त्यातलं एखादं हातात घेतलं की तो माणूस शेजारी उभा असल्यासारखा वाटायचा. आठ महिने झाले, ठिणगीची पेटी कोणी उघडली नव्हती.

पेटीच्या तळाशी दोन बटणं होती. एक कॉपी, एक कट. स्क्रीनच्या चौकटीला ठिणगीने पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता, त्यावर तिच्या डाव्या हाताची तिरकी अक्षरं: बाबा, कॉपी. नेहमी कॉपी. म्हाताऱ्याला ते कधी पटलं नव्हतं. एक हत्यार दोन पेट्यांत कसं असेल? नक्कल घेणं म्हणजे मेलेल्याचं हत्यार तिथेच गंजू देणं आणि त्याचं चित्र काढून घरी नेणं. लोखंड कापायच्या आधी त्याची नक्कल काढून ठेवणारा टर्नर त्याने जन्मात पाहिला नव्हता.

त्याने कट दाबलं.

३

शीळ हे शिकाऱ्याचं कसब. त्याचा हरवलेला पाळीव लांडगा ती ऐकून परत येतो. ते घ्यायचं तर स्वतःच्या सहा घरांतलं एक मोकळं करायला हवं, म्हणून त्याने लढवय्याची 'पकड' काढून टाकली. टाकलेलं कुठे जातं ते त्याने विचारलं नाही. विचारणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन तो जिना चढत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या तोंडून शीळ निघाली. दोन सूर वर, एक खाली, आणि शेवटी थोडा वारा. तिची.

तो थांबला. एकोणिसाव्या वर्षी लेथचा जबडा, म्हणजे चक, फिरवायची चावी उडून त्याचे पुढचे दोन दात गेले होते. तेव्हापासून त्याला शीळ सोडाच, गरम चहावर धड फुंकर घालता येत नव्हती. त्याने जिभेने चाचपून पाहिलं. फट होती तिथेच होती.

मग त्याला वरच्या आपल्या घराची आठवण झाली. दार उघडं असतं. बायकोने ऐकलं असणार. आठ महिन्यांनी, दुपारच्या वेळी, आईच्या कानावर ती शीळ! स्वतःला शिव्या घालत तो उरलेला जिना चढला. बायको ओल्या हातांनी दारातच उभी होती आणि चक्क हसत होती.

"किती वर्षांनी घातलीत," ती म्हणाली. "लग्नाआधी अशीच घालायचात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी."

"मी? मला कधी येत होती?"

"घ्या. आता तेही विसरा."

त्याने पिशवी खाली ठेवली. अगदी जपून विचारलं की या घरात आणखी कोण शीळ घालायचं. तिने खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

"कोण घालणार? ठिणगीला तर कधी जमली नाही. तुम्ही किती शिकवलंत तिला."

संध्याकाळी नळाचा वायसर बदलताना त्याला दुसरी गोष्ट कळली. अंगठा आणि बोट यांच्यात धरून केसाच्या जाडीचा फरक सांगणारा माणूस तो. साहेब लोक मायक्रोमीटर खिशात ठेवून त्याच्याकडे यायचे. आता दोन वायसर चिमटीत धरले तर त्याला काहीच कळेना. बोटांवर जाड मोजे चढवल्यासारखं.

४

शहाणा माणूस इथे थांबला असता. म्हातारा शहाणा होता की नव्हता हा वेगळा मुद्दा, पण त्याच्या तोंडात आता त्याच्या लेकीची शीळ होती. जिन्यात एकटा असताना तो ती घालायचा, डोळे मिटायचा आणि वरच्या पायरीवर ती असायची. ज्याला हे मिळालंय त्याने थांबून दाखवावं.

पुढच्या पंधरवड्यात त्याने आणखी दोन कसबं उचलली. चोराचे हलके पाय घेतले आणि लढवय्याची 'डरकाळी' टाकली. मांत्रिकाचा दिवा घेतला आणि 'टिकाव' टाकला. गुडघा दुखायचा राहिला; तो दोन-दोन पायऱ्या चढू लागला, लेक चढायची तशा. पण वरती पोचला की त्याला धाप लागायची, पाच मिनिटं भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने त्याला थांबवून तब्येत विचारली. म्हणाला, काका, आठवडा झाला, तुमची एक शिवी कानावर आली नाही, घरात सगळं ठीक ना? म्हाताऱ्याने त्याला सुनावायला तोंड उघडलं. जे बाहेर पडलं ते इतकं मऊ होतं की शिंप्यालाच ओशाळं वाटलं.

घरात मधला बोळ दिवसाही अंधारा. ठिणगी लहानपणापासून तिथला दिवा लावून ठेवायची, आणि ती गेल्यावर तिची आई तो सकाळी लावायची तो झोपेपर्यंत. बोलायचं नाही, पण लावायचा. दिवा घेतला त्या दुपारी म्हातारा पाणी प्यायला उठला तर बोळात काळोख. बायको म्हणाली, दिवसाढवळ्या दिवा कोणी लावून ठेवला होता कोण जाणे, मी घालवला.

त्याने हिशोब असा मांडला: बायको अडुसष्ट वर्षांची, पोटची पोर गेलेली, दुःखाने माणसाची आठवण कुरतडली जाते. डॉक्टरने तपासून तेच सांगितलं. म्हाताऱ्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

एक गोष्ट मात्र त्या हिशोबात बसेना. वेशीपाशी उभं असलेलं ठिणगीचं माणूस पहिल्यासारखं पाठमोरं नव्हतं. शीळ घेतल्यावर त्याचा डावा कान दिसू लागला होता. पाय आणि दिवा घेतल्यावर गाल. रोज बघणाऱ्याला हा भास म्हणता येईल, पण कामावर उभा असलेला टर्नर जॉब, म्हणजे चकमधलं लोखंड, किती अंशांनी फिरलाय ते डोळ्यांनी सांगतो, आणि ते कसब त्याने अजून टाकलेलं नव्हतं.

५

मग त्याचा लढवय्या पडला.

खेळात माणूस पडला की मरत नाही. दहा आकडे उलटे मोजले जातात. तेवढ्यात जोडीदार वैद्याने 'हाक' दिली तर तो उठतो. आजारपणात म्हातारा शंभरदा पडला असेल, आणि शंभर वेळा ठिणगीने एका बोटाने हाक दाबली होती. शेवटी शेवटी दुसरं काही करायची ताकद तिच्यात नव्हती, पण हे करायची. दाबताना तोंडाने म्हणायचीही: "उठा, बाबा."

या वेळी तो वेशीपाशीच पडला, तिच्या पायाशी. दहापासून आकडे सुरू झाले. त्याला माहीत होतं की ते माणूस कोणी चालवत नाहीये. तरी त्याने काही दाबलं नाही, वाट पाहिली. तीन. दोन. एक. ठिणगीचे खांदे श्वासाने वर-खाली होत राहिले.

त्याने पेटी उघडली आणि स्वतःचा 'घाव' फेकून हाक उचलली. डोक्यात काय होतं ते त्याने पुढे कोणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही. बापाच्या डोक्यात दुसरं काय असणार? तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने हाक दिली. एकदा. पाचदा. मग खुर्चीत बसल्या बसल्या तोंडाने, मोठ्याने: ऊठ, ठिणगे.

ठिणगीचं माणूस सावकाश पूर्ण वळलं. त्या खेळात चेहरे सगळे सारखे, ठोकळेबाज असतात. म्हाताऱ्याला तिचे डोळे दिसले ते तेवढ्यापुरते, कारण त्याच वेळी दार वाजलं आणि त्याने मान फिरवली.

चार वाजले होते. बायको चहा घेऊन आली होती. ती उंबऱ्यातच थांबली आणि खोलीभर नजर फिरवत राहिली. पलंग, नकाशांच्या गुंडाळ्या, खुंटीवरची ओढणी.

"अहो," ती म्हणाली, "ही खोली आपण कोणासाठी ठेवलीय?"

६

त्याने आधी हसून नेलं. मग भिंतीवरची तसबीर दाखवली. बायकोने ती हातात घेतली, पदराने पुसली, आणि पोरगी गोड आहे म्हणाली. तुमच्याकडची का? तिचा आवाज अगदी निर्मळ होता. तिला काहीही दुखत नव्हतं, आणि तेच त्याला बघवलं नाही. आठ महिने ती रोज पहाटे तोंडावर उशी धरून रडायची. आता रडायलाही काही शिल्लक राहिलं नव्हतं.

त्याने पेटी उघडून शीळ परत तिच्या घरात टाकली. खरं तर त्याला माहीत असायला हवं होतं. चकमधून एकदा काढलेला जॉब परत लावला की सेंटर चुकतं. कितीही ठोका, थोडा तरी हेलकावतोच. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की आज तिला तिचा धाकटा भाऊ फार आठवतोय, जिना चढताना कशी गोड शीळ घालायचा. तिचा भाऊ जन्मापासून मुका होता.

म्हाताऱ्याने घाईघाईने शीळ पुन्हा काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने चष्म्याला फोन लावला. चष्मा म्हणजे ठिणगीच्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारी तिची मैत्रीण. आजारपणात दर रविवारी यायची, आणि शेवटच्या दिवशी तिला सावरायला दोन बायका लागल्या होत्या. पस्तिशीची पोरगी, डोकं शाबूत, डॉक्टरला तिच्या वयावर काही ढकलता येणार नव्हतं.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "ठिणगीचा बाप."

"माफ करा काका, कोणाचे?"

मग त्याने आवाज सांभाळून पेटीबद्दल विचारलं, आणि पोरगी एकदम खुलली. पेटी होय? ती तर मी रोजच वापरते, झकास चीज आहे. कोणी लिहिली देव जाणे, कर्त्याच्या नावाची जागा कोरी आहे. काकांनी कट केलं हे ऐकून ती खळखळून हसली. कट कोणी करतं का, काका? सुटं सुटं परत टाकलं की ते वाकडंच बसतं. मग सांगितलं की आत एक तिसरं बटण आहे, 'ओता' नावाचं. एक अख्खं माणूस दुसऱ्यात ओतायचं. सगळं आपापल्या जागी जाऊन बसतं, जास्तीचं असेल ते सांडतं.

"आणि ज्याचं ओतलं तो?"

"तो रिकामा. मग उघडत नाही तो परत. त्यात काय, काका, नवा माणूस बनवा की. पाच मिनिटांचं काम."

७

तीन दिवस त्याने बटणाला हात लावला नाही. या सगळ्यावर त्याचा विश्वास होता असं नाही. तो दोन्ही बाजूंनी विचार करत होता. सगळा योगायोग असेल तर बटण दाबून काही बिघडणार नव्हतं. आणि योगायोग नसेल, तर त्याच्या लेकीचं जगात जे काही उरलं होतं ते एका बाहत्तर वर्षांच्या, जिन्यात धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याच्या पेटीत होतं. हा उद्या गेला की त्याची पेटी कोण उघडणार?

चौथ्या दिवशी सकाळी बायको शेंगा सोलत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि चिमटीत काही कळत नसताना सोलू लागला. अर्धे दाणे जमिनीवर जात होते. थोड्या वेळाने त्याने विचारलं की माझं तुला काय काय आठवतं.

"का? कुठे निघालात?"

"सांग तर."

तिने भराभर सांगितलं, जसं कोणी पाठ म्हणावं. पहिल्या भेटीत काळी नखं लपवायला हात खिशात घालून बसला होतात. लग्नानंतर पहिल्या भांडणात जेवणाचं ताट उचलून गच्चीवर जाऊन जेवलात. ते लोखंडी मढं करून आणलंत आणि महिनाभर येईल त्याला त्यावर बसवून दाखवलंत. दोनदा हात धुता आणि तरी टॉवेल काळा करता. ती सांगत होती आणि तो एकेक ऐकून मनात मोजत होता. बावीस निघाली. ठिणगी एकाही गोष्टीत नव्हती, जिथे असायला हवी होती तिथेही.

"पुरे?" तिने विचारलं. "तुम्हाला विसरायचं ठरवलं तरी जमायचं नाही मला. पायात रुतलेल्या काट्यासारखे आहात, काढला तरी ठणकतो."

तो बराच वेळ दाणे वेचत राहिला.

"आणि पोर असती आपल्याला," तो म्हणाला, "तर?"

बायकोचा हात थांबला. ती काही आठवत नव्हती, पण तिची बोटं शेंगेवर तशीच राहिली, आणि डोळ्यांत, काही कारण नसताना, पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं आणि स्वतःलाच नवल वाटून ओल्या मनगटाकडे पाहत बसली.

एवढं त्याला पुरलं.

८

दुपारी जेवण झाल्यावर त्याने दोनदा हात धुतले. फडक्याची घडी घातली. माउस डावीकडे होता. त्याने तो आज हलवला नाही, डाव्या हातानेच धरला. पेटीत डावीकडे टर्नर, उजवीकडे ठिणगी. तिच्याकडे दोन कसबं उरली होती. त्याच्याकडे सहा: चार तिची, आणि त्याची स्वतःची ढाल आणि ठाण. तिची चार तिच्या रिकाम्या घरांत बसतील, ही दोन सांडतील. बरोबर होतं माप.

त्याने 'ओता' दाबलं. पट्टी उमटली आणि हळूहळू भरू लागली. तो उठला. खुर्ची सुस्कारा टाकून दोन बोटं वर आली. खोलीतून जावं असं त्याच्या मनात होतं, पण पाय नेहमीच्या सवयीने उजवीकडे वळले आणि तो आपल्या लोखंडी स्टुलावर बसला, जिथे चार महिने बसला होता. तिथून स्क्रीन तिरका दिसतो. पट्टी भरली. स्क्रीन काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलं: दार, पलंग, खुर्चीची पाठ. स्टूल होतं तिथे त्याला नुसतं स्टूल दिसलं. काच तिरकी आहे, त्याने स्वतःला सांगितलं.

बोळातला दिवा लागल्याचा खटका ऐकू आला.

मग खुर्ची फुस्स करून दोन बोटं खाली दबली.

त्याने तिकडे पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही म्हणा, किंवा पाहिलं तर मोडेल अशी भीती वाटली म्हणा. त्याला फक्त टेबलाची डावी कड दिसत होती. तिथे माउस थोडा पुढे सरकला, थांबला, परत मागे आला. हलक्या हाताने, जसा आजारी माणूस सरकवतो.

चार वाजले. बोळातून बायकोची पावलं आली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, खूप दिवसांनी, आणि तरी चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसलं होतं. आता तिला सगळं आठवत असणार. शीळ, जिना, आजारपणातले शेवटचे अकरा दिवस, सगळं. हातात दोन कप. एक तिने की-बोर्डाच्या डाव्या बाजूला ठेवला, डावऱ्या माणसाच्या हाताशी येईल असा. दुसरा स्वतःच्या हातात धरला.

"ठिणगे," ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "निववू नकोस."

झालं होतं काम, सेंटर तसूभर चुकलं नव्हतं. म्हातारा आपल्या कपाची वाट बघत बसला. मग त्याने बायकोच्या हातातला कप पाहिला, तिने घेतलेला पहिला घोट पाहिला, आणि दोनच कप का ते त्याला समजलं. बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं. शीळही निघाली नाही.

बायकोचा पाय स्टुलाला लागला. तिने खाली पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, अगदी खरोखर विचार केला.

"हे कोणाचं गं आणून ठेवलंस इथे?" तिने खुर्चीला विचारलं. "रोज पायात येतं."

ती वाकली आणि तिने ते त्याच्यासकट एका हाताने उचललं. दुसऱ्या हातातला चहा हिंदकळलासुद्धा नाही.